डाग राहिला म्हणजे आजार राहिला का?

१. पाकिटातला फोटो

क्षयरोगाच्या ओपीडीत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. समजा, पाथर्डी तालुक्यातला पस्तिशीचा एक ऊसतोड कामगार आहे. त्यानं सहा महिने न चुकता गोळ्या घेतल्या. ताप गेला, भूक लागायला लागली, वजन सात किलोंनी वाढलं. बेडका तपासला, जंतू नाहीत. कोर्स संपला म्हणून छातीचा फोटो काढला, तर डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरा डाग दिसतोच आहे. फोटोचं पाकीट पुढे करून तो विचारतो, "डॉक्टर, डाग अजून आहे. म्हणजे टीबी गेला नाही का? यंदा तोडीला जाऊ का नको?"

या प्रश्नामागे सगळं घर उभं असतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा बसला की कोयता मोडतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर राहते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दर दिवाळीच्या सुमारास हजारो कोयते बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. म्हणून "डाग आहे, बघू पुढे" हे उत्तर या माणसाला पुरत नाही.

फुप्फुसातल्या डागाला "तू जुना व्रण आहेस की अजून जागा आजार?" असं विचारण्याची एक पद्धत वैद्यकाजवळ आहे. तिचं नाव अणुवैद्यक, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाच्या अगदी थोड्या मात्रेनं शरीराचं काम पाहण्याचं शास्त्र. ती काय सांगू शकते, कुठे फसते आणि कोणाला खरोखर उपयोगी पडते, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्यानं पाहू.

२. फोटो म्हणजे सावली

रोंटगेननं १८९५ साली क्ष-किरण शोधले. छातीचा फोटो आजही त्याच तत्त्वावर निघतो. किरण पाठीकडून शिरतात, छातीतून बाहेर पडतात आणि वाटेत जिथे दाट भाग असेल तिथे अडतात. अडले तिथे पांढरं, पार गेले तिथे काळं. हवेनं भरलेलं निरोगी फुप्फुस म्हणून काळं दिसतं आणि टीबीनं दाट झालेला भाग पांढरा.

आता गावातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेरून काढलेल्या फोटोत भिंती, पडका सज्जा, बंद दार सगळं दिसेल. पण आत चूल पेटते का, आडाला पाणी आहे का, हे त्या फोटोवरून कळणार नाही. छातीच्या फोटोचं तसंच आहे. बऱ्या झालेल्या जखमेचा वण त्वचेवर जसा राहतो, तसा टीबी बरा झाल्यावरही फुप्फुसात वण राहतो. कधी त्यात चुना साठतो आणि तो आणखी पांढरा दिसतो. सीटी स्कॅन हाच वाडा कापाकापांनी, फार बारकाईनं दाखवतो, पण तोही मुख्यतः बांधकामच दाखवतो. आतल्या कामाची खबर हवी असेल तर उजेड आतूनच यायला हवा.

३. गाडीखालचा कंदील

पूर्वी रात्रीच्या प्रवासात बैलगाडीच्या खाली कंदील टांगलेला असे. टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाला गाडी दिसायची नाही, बैल दिसायचे नाहीत. पण अंधारात सरकणाऱ्या कंदिलावरून गाडी कुठल्या रस्त्यानं चालली आहे आणि कुठे थांबली आहे, हे त्याला बरोबर कळायचं.

अणुवैद्यकाची सारी युक्ती एवढ्यात आली. गाडी म्हणजे शरीरात ठरावीक ठिकाणी जाणारा पदार्थ, आणि कंदील म्हणजे त्याला जोडलेला किरणोत्सर्गी अणू. हा अणू अस्थिर असतो, आणि स्थिर होताना गॅमा किरण बाहेर टाकतो. रुग्णाच्या शिरेत हे मिश्रण टोचतात आणि टेकडीवरच्या माणसासारखा एक कॅमेरा बाहेर थांबून येणारे किरण मोजतो. छातीच्या फोटोत यंत्र किरण सोडतं. इथे किरण रुग्णाच्या शरीरातून येतात आणि यंत्र ते फक्त टिपतं. असा गॅमा कॅमेरा अमेरिकेत हॅल अँगर यांनी १९५०च्या दशकात बनवला.

महाराष्ट्रात हे शास्त्र लवकर रुजलं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला १९६३ साली सुरू झालं. देशातलं पहिलं पेट स्कॅन यंत्रही २००२ साली तिथेच बसलं. या पेट यंत्राकडे आपण सातव्या भागात येऊ.

४. रोज दूध देणारी गाय

कंदिलासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा अणू म्हणजे टेक्नेशियम-९९एम. त्याचे किरण कॅमेऱ्याला टिपायला सोयीचे असतात आणि तो लवकर संपतो, त्यामुळे रुग्णाच्या अंगात रेंगाळत नाही. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं आहे. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ. सकाळी आठला १०० भाग असतील, तर दुपारी दोनला ५०, रात्री आठला २५, मध्यरात्री दोनला साडेबारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जेमतेम सहा.

मग इतकी नाशवंत वस्तू रुग्णालयात साठवायची कशी? उत्तर आहे, साठवायचीच नाही. त्याऐवजी तिची आई आणून ठेवायची. मॉलिब्डेनम-९९ या अणूपासून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं आणि मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस आहे. शिशाच्या कवचात बसवलेल्या एका लहान नळीत मॉलिब्डेनम घट्ट धरून ठेवलेलं असतं. त्यावरून सलाईनचं पाणी सोडलं की तयार झालेलं टेक्नेशियम पाण्याबरोबर खाली उतरतं आणि मॉलिब्डेनम जागीच राहतं. दुसऱ्या दिवसापर्यंत नळीत पुन्हा टेक्नेशियम साचतं.

जगभरच्या अणुवैद्यक विभागांत या यंत्राला 'गाय' म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला 'दूध काढणं'. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकाला ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको. संगमनेर-राहात्याकडच्या गोठ्यात पहाटे धार काढतात, तसं इथे तंत्रज्ञ सकाळी धार काढतो आणि दिवसभराचे रुग्ण त्यावर होतात. ही गायही हळूहळू आटत जाते. सोमवारी सकाळी आठला जेवढं मॉलिब्डेनम असेल, त्याच्या निम्मं गुरुवारी पहाटे दोनला उरतं. म्हणून ठरावीक दिवसांनी नवी गाय आणावी लागते. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांत असे वैद्यकीय उपयोगाचे अणू तयार होतात आणि ते रुग्णालयांपर्यंत पोहोचवण्याचं काम नवी मुंबईत वाशीला असलेली 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था करते.

५. पाट, चारी आणि पाटकरी

आता हा कंदील फुप्फुसात नेऊ. फुप्फुसाचं काम दोन गोष्टींच्या भेटीवर चालतं. श्वासनलिकेतून हवा यायला हवी आणि रक्तवाहिनीतून रक्त यायला हवं. दोन्ही एकाच ठिकाणी भेटले तरच प्राणवायू रक्तात शिरतो.

भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की प्रवरेचं पाणी पाटात येतं, पाटातून चारीत, चारीतून पोटचारीत आणि शेवटी वाफ्यात. फुप्फुसातलं रक्तही असंच मोठ्या वाहिनीतून फांद्याफांद्यांनी अतिसूक्ष्म केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतं. आता कल्पना करा, पाटाच्या तोंडाशी मूठभर रंगीत बिया टाकल्या आणि त्या वाफ्याच्या तोंडाशी अडकल्या. ज्या शेतात पाणी पोहोचलं तिथे बिया सापडतील. जिथे पोहोचलं नाही, तिथे एकही सापडणार नाही.

फुप्फुसाच्या रक्तपुरवठ्याचा स्कॅन नेमका असाच होतो. अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचे १० ते ९० मायक्रॉनचे कण बनवतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्यांना टेक्नेशियम जोडतात. केशवाहिनी या कणांपेक्षा अरुंद, सात-दहा मायक्रॉनची. रुग्णाला उताणं झोपवून हाताच्या शिरेत इंजेक्शन देतात. बसवून दिलं तर वजनानं जास्त रक्त, आणि म्हणून जास्त कण, फुप्फुसांच्या तळाशी जातील आणि चित्र फसेल. कण हृदयातून फुप्फुसात जातात आणि जिथे रक्त जातं तिथे अडकतात. काही लाख कण टोचले तरी हजारात एकाहूनही कमी वाहिन्या तात्पुरत्या अडतात आणि काही तासांत ते कण विरघळून जातात.

टीबीच्या रुग्णात हे चित्र पुष्कळदा चकित करणारं असतं. छातीच्या फोटोत डाग लिंबाएवढा आणि स्कॅनमध्ये कोरा भाग नारळाएवढा. हे का होतं? फुप्फुस स्वतःच एक शहाणा पाटकरी आहे. ज्या भागात हवा येत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या ते आवळून घेतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं, कारण हवेवाचून रक्त पाठवणं म्हणजे पडीक रानात पाणी सोडणं. त्यात टीबीनं वाहिन्याही खराब होतात. म्हणून डाग जिथे दिसतो त्याच्या आसपासचं रानही कोरडं पडलेलं असतं. उपचारांनंतर यातला काही भाग पुन्हा ओला होतो. जुन्या पोकळ्या आणि आक्रसलेला भाग मात्र कोराच राहतो.

कोर्स पूर्ण झाला, जंतू गेले, तरी दम का लागतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. रुग्ण खोटं बोलत नसतो, आळसही करत नसतो. त्याचं काही रान कायमचं पडीक झालेलं असतं.

६. एक छोटा हिशेब

हा स्कॅन सर्वांत मोलाचा ठरतो तो शस्त्रक्रियेआधी. टीबीनं उद्ध्वस्त झालेल्या फुप्फुसातून कधी वारंवार रक्त पडतं, कधी जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो, कधी औषधांना न जुमानणारे जंतू एकाच बाजूला दडून बसतात. अशा निवडक रुग्णांत तो भाग काढून टाकावा लागतो. प्रश्न एकच असतो: काढल्यावर माणूस पुरेसा श्वास घेऊ शकेल का?

समजा, एका रुग्णाचं डावं फुप्फुस पूर्ण खराब आहे. त्याला जोरात फुंकायला सांगितलं, तर पहिल्या सेकंदात १.६ लिटर हवा बाहेर येते. निरोगी माणसात डाव्या फुप्फुसाचा वाटा साधारण ४५ टक्के असतो. सरळ हिशेब केला तर डावं काढल्यावर १.६ चे ५५ टक्के, म्हणजे ०.८८ लिटर उरतील. हा आकडा पाहून कोणताही सर्जन हात आखडता घेईल.

आता स्कॅन केला. कॅमेऱ्यानं एकूण ६,००,००० किरण मोजले. त्यांपैकी ५,४०,००० उजव्या बाजूचे आणि फक्त ६०,००० डाव्या बाजूचे. म्हणजे डावं फुप्फुस मुळात १० टक्केच काम करत होतं. ते काढल्यावर उरणार १.६ चे ९० टक्के, म्हणजे १.४४ लिटर. शस्त्रक्रिया करता येण्याजोगी ठरली. इथे स्कॅनमुळे निर्णयच बदलला, आणि स्कॅनची खरी किंमत अशाच ठिकाणी कळते.

७. वेढ्यातल्या चुली

रक्तपुरवठा कळला. पण मूळ प्रश्न अजून उभा आहे: डाग जागा आहे की निवलेला? यासाठी वेगळी गाडी लागते.

टीबीचे जंतू फुप्फुसात शिरले की शरीराच्या भक्षक पेशी त्यांना चहूबाजूंनी घेरतात आणि एक गाठ तयार होते. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याला १५९५च्या अखेरीस मुघलांनी वेढा घातला आणि चांदबिबीनं तो नेटानं लढवला, हे आपण शाळेत शिकलो. वेढा चालू असला की तटाभोवती सैन्याच्या चुली रात्रभर पेटलेल्या असतात, कारण लढणाऱ्याला खायला लागतं. वेढा उठला की चुली विझतात. शरीरातल्या वेढ्यातही तेच होतं. लढणाऱ्या भक्षक पेशी भराभर साखर खातात.

याचा फायदा घेऊन एफडीजी नावाची बनावट साखर तयार केली आहे. ती ग्लुकोजसारखीच दिसते, फक्त तिच्या एका ठिकाणी फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू बसवलेला असतो. पेशी तिला साखर समजून आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही. गव्हातला खडा जात्यात पडतो पण दळला जात नाही, तशी ती पेशीत अडकून बसते. तासाभरानं पेट स्कॅन यंत्रात पाहिलं की जास्त साखर खाणारे भाग उजळलेले दिसतात. फ्लोरिनच्या अणूमुळे दोन किरण एकाच क्षणी विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्राचं कडं ते दोन्ही पकडतं, त्यामुळे जागा नेमकी कळते. सोबत सीटी स्कॅन जोडलेला असतो. वाड्याचं बांधकाम सीटी दाखवतो, आतली चूल पेट दाखवतो.

या साखरेआधी गॅलियम-६७ वापरत. त्यात चित्रासाठी दोन-तीन दिवस थांबावं लागे. दिल्लीच्या 'इन्मास' या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टीबीच्या एथॅम्ब्युटॉल या औषधालाच टेक्नेशियम जोडून जंतूंचा थेट माग काढण्याचा प्रयत्न केला. आज मात्र जास्त वापर एफडीजीचाच आहे.

पेट स्कॅनमध्ये सारं शरीर दिसत असल्यानं मणक्यातला, गाठींतला दडलेला टीबीही सापडतो. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या, पण टीबीचं एकही लक्षण नसलेल्या ३५ जणांचा असा स्कॅन केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १० जणांच्या फुप्फुसांत धुमसणाऱ्या आजाराच्या खुणा दिसल्या. त्यांच्या अंगातला टीबी लक्षणं दिसण्याआधीच डोकं वर काढू लागला होता.

८. फसवा उजेड

इथे सावध व्हायला हवं. स्कॅनला चुली दिसतात, किल्ल्यात कोण आहे ते दिसत नाही.

पहिली फसगत कर्करोगाची. कर्करोगाच्या पेशीही भरपूर साखर खातात. फुप्फुसातली गाठ उजळली म्हणजे कर्करोग, हे समीकरण टीबी कमी असलेल्या देशांतही दर वेळी खरं ठरत नाही. आपल्याकडे तर ते फारच धोक्याचं आहे. २०२३ साली जगातल्या टीबीच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. उलटं समीकरणही तितकंच घातक: "आपल्याकडे टीबीच असणार" म्हणून कर्करोगाला सहा महिने टीबीच्या गोळ्या देणं. म्हणून उजळलेल्या गाठीचा तुकडा काढून तपासणं टळत नाही. स्कॅनचा उपयोग असा की सुई नेमकी कुठे घालायची ते कळतं.

दुसरी फसगत बऱ्या झालेल्या रुग्णाची. स्टेलनबॉश विद्यापीठाच्या गटानं कोर्स पूर्ण करून बरे ठरलेल्या रुग्णांचे पेट स्कॅन केले. त्यांतल्या अनेकांच्या फुप्फुसांत काही भाग अजून उजळलेले होते आणि त्यांपैकी बहुतेकांचा टीबी उलटला नाही. शत्रू पळाला तरी सैन्य लगेच चुली विझवत नाही. आवराआवर चालते, भिंती बांधल्या जातात, त्यालाही साखर लागते. म्हणजे नुसत्या उजेडावरून कोर्स वाढवणं बरोबर नाही. एकाच रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन शेजारी ठेवले, तर चुली कमी होत आहेत की वाढत आहेत हे मात्र चांगलं कळतं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत उपचार लागू पडतो आहे का, हे जोखायला ही तुलना कामाची आहे.

तिसरी अडचण मधुमेहाची. रक्तात खरी साखर जास्त असली की बनावट साखरेला पेशीत जागा मिळत नाही आणि स्कॅन फिका येतो. म्हणून आधी चार ते सहा तास उपाशी ठेवतात आणि रक्तातली साखर मोजतात. टीबी आणि मधुमेह हातात हात घालून चालतात, त्यामुळे ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

९. नगरपर्यंत पोहोचताना

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य फक्त ११० मिनिटांचं आहे आणि ते सायक्लोट्रॉन या मोठ्या यंत्रातच तयार होतं. समजा, मुंबईत सकाळी आठला १०० भाग तयार झाले आणि गाडी घाटातली गर्दी ओलांडून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या नगरला दुपारी दीडला पोहोचली. साडेपाच तास, म्हणजे बरोबर तीन अर्धायुष्यं. १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे साडेबारा. आठवा हिस्सा हाती येतो. नाशवंत भाजीसुद्धा इतक्या वेगानं नासत नाही. म्हणूनच टेक्नेशियमची गाय लहान शहरात नेणं सोपं आहे आणि पेटची साखर नेणं खर्चाचं.

किरणांची भीती अनेकांना वाटते, तर तिचाही हिशेब पाहू. माती, आकाश, अन्न यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग निसर्गतःच मिळतो. छातीच्या एका फोटोत ०.१ किंवा त्याहून कमी. रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमध्ये साधारण दोन, म्हणजे वर्षभराच्या नैसर्गिक मात्रेच्या आसपास. पेट-सीटीत ही मात्रा बऱ्याचदा दहाच्या वर जाते. कारण असेल तर ती घ्यावी, कुतूहलापोटी घेऊ नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं तर आधी सांगायलाच हवं.

१०. मग पाथर्डीच्या माणसाला काय सांगायचं?

त्याला स्कॅन लागणार नाही. टीबीच्या खटल्यात पहिला साक्षीदार बेडका आहे. जंतू आहेत का आणि ते औषधाला दाद देतात का, हे सांगणारी तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. त्यासाठीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र तर गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे. बेडक्यात जंतू नाहीत, ताप नाही, वजन वाढतंय आणि डाग पूर्वीपेक्षा लहान किंवा तेवढाच आहे, तर तो डाग म्हणजे वण. तोडीला जाता येईल. मोळी उचलताना दम लागला तर थांबायचं, आणि दम वाढत गेला तर फुप्फुसाची ताकद तपासून घ्यायची. कोर्स संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणी करायची. मधेच पुन्हा खोकला, ताप किंवा रक्त दिसलं, तर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका द्यायचा. पट्टा पडायची वाट पाहायची नाही.

अणुवैद्यकाचा स्कॅन काही ठरावीक वळणांवर लागतो: शस्त्रक्रियेचा विचार असेल, बेडका मिळत नाही पण संशय जात नाही, टीबी अंगात कुठे दडलाय ते कळत नाही, किंवा औषधं चालू असूनही आजार हटत नाही. तिथे मात्र पैशासाठी, अंतरासाठी कोणी मागे राहू नये. नगरच्या रुग्णाला परळपर्यंतचा रस्ता दाखवणं हेही उपचाराचंच काम आहे.

आणि त्या पाकिटाचं काय? ते रेशनकार्डाजवळ जपून ठेवा. टोळीबरोबर निघताना पिशवीत सोबत घ्या. दोन वर्षांनी परक्या गावात नवा फोटो निघाला आणि डॉक्टरांनी "हा डाग कसला?" असं विचारलं, तर जुना फोटो शेजारी धरता येईल. दोन्ही डाग सारखे निघाले, तर या माणसाला विनाकारण पुन्हा सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होणार नाहीत.